नोंद चोवीस तास, वाचन मात्र कार्यालयीन वेळेत

२०२१ च्या जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेचे तब्बल १४ कोटी ४६ लाख रुपये ऑनलाइन परस्पर वळते झाले. तिजोरी फुटली नाही आणि शाखेत कुणी शिरले नाही. आरटीजीएस-एनईएफटीसाठी या बँकेचे खाते आयडीबीआय बँकेच्या वजिराबाद शाखेत होते. पैसे त्या खात्यातून निघाले आणि परराज्यांतल्या अनेक खात्यांत पांगले. पुढे पोलीस तपासाचे धागे मराठवाड्याबाहेर, दूरदूरच्या शहरांपर्यंत गेले. एरवी बँकेच्या संचालकांनाही ज्यात रस नसतो, तो प्रश्न या प्रकरणाने मोंढ्यापासून वजिराबादपर्यंत चर्चेत आणला. प्रत्येक व्यवहाराची नोंद संगणकात होत होती, तर ती त्याच वेळी कुणी पाहिली का नाही?

रिझर्व्ह बँकेने एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, बाराही महिने खुली केली. नांदेडचा प्रकार त्यानंतर तीनच आठवड्यांनी घडला. या बदलामुळेच चोरी झाली असे म्हणायला आधार नाही. एवढे मात्र खरे, की पैसा रात्रंदिवस धावू लागला आणि त्याच्यावर नजर ठेवणारी माणसे सकाळी दहाला येऊन संध्याकाळी सहाला घरी जात राहिली. माहिती प्रणालींवरच्या हालचालींची नोंद, म्हणजे ‘लॉग’, ठेवणे आणि ते तपासणे या विषयाचा आढावा घेताना हीच फट पुन्हा पुन्हा समोर येते. नोंद किती दिवस ठेवायची हे आपल्या नियमांनी बारकाईने ठरवले आहे. ती रोज कोणी, किती वाजता वाचायची, हे मात्र बहुतेक ठिकाणी मोघमच राहिले आहे.

नोंदीत काय असते

कोणता आयडी, कोणत्या यंत्रावरून, किती वाजता, काय करून गेला आणि ते जमले की फसले, एवढी माहिती म्हणजे एक नोंद. सर्व्हर, फायरवॉल, कोअर बँकिंग प्रणाली (सीबीएस), एटीएमचे स्विच, कार्यालयातला साधा संगणक, सगळेच अशा नोंदी करतात. लहान बँकेतही दिवसाकाठी लाखो ओळी जमतात. त्यातल्या बहुसंख्य निरुपद्रवी असतात आणि उपद्रवी ओळ त्यांच्यात सहज लपते.

ओळी चाळून गैरप्रकार हुडकण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जेम्स अँडरसन यांनी १९८० मध्ये एका अहवालात सुचवले, की वापरकर्त्याची नेहमीची वागणूक नोंदींवरून ठरवावी आणि तिच्याबाहेरचे काही दिसले की हटकावे. डोरोथी डेनिंग यांनी १९८७ मध्ये त्याला शास्त्रीय चौकट दिली. आज बँकांना विकली जाणारी महागडी सॉफ्टवेअर याच पायावर उभी आहेत. दुपारी बाराला लॉगिन करणारा कारकून पहाटे तीनला लॉगिन झाला, महिन्याला दोन नवे लाभार्थी जोडणाऱ्या खात्यात तासाभरात पन्नास जोडले गेले, तर यंत्राने हाक मारावी. ती हाक ऐकायला मात्र कुणीतरी जागे असावे लागते.

चोरालाही नोंदीचे मोल कळते. २०१६ च्या फेब्रुवारीत बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून ८ कोटी १० लाख डॉलर गेले. तिथे चोरांनी व्यवहारांच्या नोंदी पुसल्याच, शिवाय ‘स्विफ्ट’ या आंतरबँक संदेश यंत्रणेचे संदेश कागदावर छापणारा प्रिंटरही बंद पाडला. मुहूर्त निवडला तो शुक्रवारच्या साप्ताहिक सुटीच्या आदल्या रात्रीचा. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा पहिला घाला ११ ऑगस्ट २०१८ चा. तो दुसरा शनिवार होता आणि बँका बंद होत्या. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून आणि भारतातूनही रोकड काढली गेली, १३ ऑगस्टला स्विफ्टमार्गे आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला गेले. एकूण फटका ९४ कोटी ४२ लाखांचा होता.

कॉसमॉसमधली युक्ती नोंदींच्या दृष्टीने शिकण्यासारखी आहे. एटीएमकडून आलेली पैशाची मागणी स्विचमार्गे सीबीएसकडे जाते, तिथे शिल्लक तपासली जाते आणि मग होकार येतो. चोरांनी मधेच एक खोटे स्विच बसवले. मागणी सीबीएसपर्यंत पोहोचतच नव्हती, होकार मधल्यामध्येच मिळत होता. म्हणजे सीबीएसच्या नोंदी स्वच्छ होत्या. गडबड दिसू शकत होती ती दोन ठिकाणच्या नोंदी शेजारी ठेवून ताळमेळ घातला तरच. या प्रकरणात २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले.

कायदा काय मागतो

नियमांची कमतरता नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०ब खाली ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. सर्व प्रणालींचे लॉग किमान १८० दिवस जपायचे, सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आणि सगळ्या यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा किंवा एनआयसीच्या वेळेशी जुळवून ठेवायची. घड्याळाची अट वरवर किरकोळ वाटते. फायरवॉल सात मिनिटे पुढे आणि सर्व्हर अकरा मिनिटे मागे असेल, तर आधी कोण आत आले आणि नंतर काय घडले, याची साखळी तपास अधिकाऱ्याला जुळवताच येत नाही.

१८० दिवस पुरेसे आहेत का? मँडियंट या कंपनीच्या जागतिक अहवालांनुसार घुसखोर आत शिरल्यापासून सापडेपर्यंतचा मध्यम काळ २०११ मध्ये ४१६ दिवस होता, तो २०२४ मध्ये ११ दिवसांवर आला. त्या मानाने सहा महिने बरे. कार्डांचे व्यवहार करणाऱ्यांसाठीचे पीसीआय हे आंतरराष्ट्रीय मानक वर्षभराच्या नोंदी मागते आणि त्यातले शेवटचे तीन महिने हाताशी ठेवायला सांगते. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अधिसूचित झाले. ज्याच्याकडे लोकांची माहिती आहे त्याने ती कोण पाहतो याच्या नोंदी ठेवाव्यात, त्यांचा आढावा घ्यावा आणि त्या वर्षभर जपाव्यात, असे ते सांगतात. अंमल २०२७ पासून आहे. लातूरच्या शिकवण्या आणि नांदेडची रुग्णालये यांना हे सर्वांत जवळून लागू होईल. ‘लातूर पॅटर्न’साठी राज्यभरातून येणाऱ्या मुलांचे फोन क्रमांक, गुण आणि पालकांची माहिती ज्या संगणकांत असते, तिथे ती यादी कोणी उतरवून घेतली हे आज किती ठिकाणी सांगता येईल?

लहान बँकेची पंचाईत

नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी, म्हणजे कॉसमॉसच्या धक्क्यानंतर दोन महिन्यांनी, सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली. ३१ डिसेंबर २०१९ रोजी ती चार पातळ्यांची केली. बँक डिजिटल व्यवहारांत जितकी खोल, तितकी तिची पातळी वरची आणि अटी कडक. चोवीस तास नोंदी पाहणारे सुरक्षा केंद्र उभारण्याची सक्ती फक्त चौथ्या पातळीला आहे.

तर्क समजण्यासारखा आहे. दोन-चार तालुक्यांत शाखा असलेल्या बँकेने तीन पाळ्यांत सायबर तज्ज्ञ बसवले तर तिचा नफा त्यातच संपेल. पण देयकांच्या रुळावर लहान-मोठे असा भेद चालत नाही. छोट्या बँकेला थेट सदस्यत्व नसते. ती मोठ्या प्रायोजक बँकेची उप-सदस्य होऊन आरटीजीएस-एनईएफटी देते. तिचा आदेश एका क्षणात देशभर पोहोचतो, म्हणजे वेग मोठ्या बँकेचा आणि पहारा छोट्या बँकेचा. शिवाय नोंदी दोन घरांत विभागल्या जातात. आदेश कोणाच्या यंत्रावरून निघाला हे उप-सदस्याच्या लॉगमध्ये, तो पुढे कसा गेला हे प्रायोजकाच्या लॉगमध्ये. अघटित घडले की दोघेही आपापल्या नोंदी दाखवून ‘आमच्याकडे सगळे ठीक होते’ म्हणू शकतात. म्हणून करार करतानाच कोणत्या रकमेला, कोणत्या वेळेला, कोणी थांबवून फोन करायचा, हे लिहिलेले असले पाहिजे.

तिसरे घर व्हेंडरचे. बहुतेक लहान बँकांचे सीबीएस भाड्याचे असते आणि सर्व्हर दुसऱ्याच शहरात. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवा पुरवठादाराशी संबंधित प्रणालीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला जोडणीतून वेगळे केले आणि देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआय व एटीएमचे व्यवहार एका दमात अडले. अशा वेळी बँकेला स्वतःच्याच ग्राहकांच्या नोंदी व्हेंडरकडे मागाव्या लागतात. व्हेंडर त्या किती दिवस ठेवतो आणि मागितल्यावर किती तासांत देतो, ही माहिती कराराच्या कागदात शोधून पाहण्यासारखी आहे.

पतसंस्थांची गोष्ट याहून बिकट. त्या सहकार खात्याच्या देखरेखीखाली येतात आणि रिझर्व्ह बँकेची चौकट त्यांना लागू नाही. मोबाइल ॲप मात्र आता पिग्मी गोळा करणाऱ्या एजंटाच्याही हातात आहे.

आयडी एकाचा, हात दुसऱ्याचा

सरकारी कार्यालयांत अडचण वेगळी आहे. नोंद होते, पण ज्याच्या नावाने होते तो माणूस तिथे असतोच असे नाही. तलाठ्याच्या डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल त्याच्या खासगी मदतनीसाकडे, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘झिरो तलाठ्या’कडे असते, हे महसूल खात्यात कुणाला नवीन नाही. साहेबांचा पासवर्ड ऑपरेटरला पाठ असतो. मेकर (नोंद करणारा) आणि चेकर (ती तपासणारा) हे दोन वेगळे आयडी एकाच टेबलावरून चालतात. ई-फेरफारमध्ये सही कोणाची हे नोंद अचूक सांगते, पण सही करणारा हात तिला दिसत नाही.

लातूरचे उदाहरण बोलके आहे. २०२३ च्या जानेवारीत उघड झालेल्या प्रकरणात जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खात्यांतून सुमारे २३ कोटी रुपये वळवल्याचा आरोप एका लिपिकावर झाला. काळ २०१५ ते २०२२, म्हणजे सात वर्षांचा. खात्यात पैसे नाहीत म्हणून बँकेने व्यवहार परत केला, तेव्हा कुठे वाचा फुटली. बँकेचे विवरणपत्र आणि कार्यालयाची रोकडवही दर महिन्याला समोरासमोर ठेवली असती, तर सात महिनेही लागले नसते. यासाठी कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुलाचे २०२४ च्या डिसेंबरात बाहेर आलेले प्रकरण याच्या पुढचे. संकुलाच्या ईमेलमधले एखादे अक्षर बदलून तसाच दिसणारा दुसरा पत्ता तयार केला, तो बँकेत खात्याला जोडून घेतला आणि नेट बँकिंगने २१ कोटी ५९ लाख काढले, असा आरोप एका कंत्राटी कर्मचाऱ्यावर ठेवण्यात आला. खात्याचा ईमेल किंवा मोबाइल बदलणे ही रकमेच्या व्यवहाराइतकीच गंभीर घटना आहे. त्या बदलाची सूचना जुन्या पत्त्यावर आणि कार्यालयप्रमुखाच्या हातात पोहोचली पाहिजे. बदलाला मंजुरी देणारा आणि बदल मागणारा एकच असू नये, हे बँकिंगमधले जुनेच तत्त्व आहे.

नोंद उपयोगी पडल्याचेही दाखले आहेत. खरीप २०२३ पासून एक रुपयात पीकविमा आला आणि अर्जांचा पूर आला. गायरानावर, देवस्थानच्या जमिनीवर, दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर विमा उतरवल्याची प्रकरणे मराठवाड्यात निघाली. अर्ज सामूहिक सेवा केंद्रांतून भरले जात होते आणि प्रत्येक अर्जावर केंद्रचालकाचा आयडी होता. त्यामुळे कोणत्या केंद्रातून किती बोगस अर्ज आले हे मोजता आले आणि नांदेडसह काही जिल्ह्यांत केंद्रचालकांवर गुन्हे दाखल झाले. तपासणी मात्र अर्ज भरून झाल्यावर आली. एकाच आयडीवरून दूरदूरच्या जिल्ह्यांतले अर्ज पडत असताना, त्याच आठवड्यात अशा आयडींची यादी कुणी काढली असती, तर सरकारचा विमा हप्ता वाचला असता.

मोंढ्यातले हिशेब

लातूरच्या गंजगोलाईच्या आसपासच्या दुकानांत आणि डाळमिलांत हिशेब टॅलीवर चालतात. कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायांना १ एप्रिल २०२३ पासून लेखा सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑडिट ट्रेल’ सक्तीचा झाला. कोणती नोंद कधी बदलली हे राहिले पाहिजे, ही सोय बंद करता येता कामा नये आणि वर्षभर ती चालू होती की नाही हे लेखापरीक्षकाने अहवालात लिहायचे. मार्च उलटल्यावर जुन्या तारखेची व्हाउचरे घालण्याच्या सवयीला याने चाप बसला. मालकी हक्काची दुकाने, भागीदारी पेढ्या आणि आडती यांना मात्र ही सक्ती नाही, आणि तूर-सोयाबीनची बरीच उलाढाल त्यांच्याच हातून होते. त्यांच्यापैकी जो बँकेकडे कॅश-क्रेडिट मागायला जाईल, त्याने बदलांची नोंद स्वतःहून चालू ठेवली तर त्याच्याच शब्दाला वजन येईल.

न्यायालयातली कसोटी

नोंद जपली, वाचली, तरी ती न्यायालयात टिकली पाहिजे. या बाबतीतला देशभर लागू झालेला निकाल मराठवाड्यातूनच गेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनची मुदत टळल्यावर स्वीकारला गेला, असा आक्षेप कैलास गोरंट्याल यांनी घेतला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रण हा मुख्य पुरावा होता, पण त्यासोबत लागणारे प्रमाणपत्र अधिकारी मागूनही देईनात. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले, की मूळ उपकरणच हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कलम ६५ब चे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. कुणी ते देत नसेल तर न्यायालयाकडून मागवून घ्यावे. इतर पुरावा पुरेसा असल्याने, निवडणूक रद्द ठरवणाऱ्या निकालाविरुद्धचे खोतकरांचे अपील फेटाळले गेले.

आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ त्या जागी आहे. १ जुलै २०२४ पासून प्रमाणपत्राचे दोन भाग झाले. एकावर प्रणाली सांभाळणाऱ्याची सही, दुसऱ्यावर तज्ज्ञाची, आणि फाइलचे हॅश मूल्य लिहावे लागते, म्हणजे नंतर एक अक्षर बदलले तरी कळते. गुन्हा घडल्यावर घाईने काढलेले स्क्रीनशॉट आणि पेनड्राइव्हवर उतरवलेल्या फाइली इथे कमी पडतात. तक्रारीला जाण्याआधीच नोंदी कोण काढणार, हॅश कोण घेणार आणि सही कोण करणार, ही नावे कार्यालयाच्या आदेशात असली पाहिजेत.

नोंद किती, पाळत किती

सगळे जपून ठेवा, हेही उत्तर नाही. नोंदीतून माणसाचा दिनक्रम उलगडतो. आधारच्या निकालात, २६ सप्टेंबर २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ओळख पडताळणीच्या नोंदी सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवण्यास नकार दिला. त्याआधीच्या नियमांत पाच वर्षांची मुभा होती. एका ठिकाणी सहा महिने ही कमाल मर्यादा, तर सर्ट-इनच्या निर्देशांत तितकाच काळ किमान. दोन्ही आपापल्या जागी योग्य आहेत, कारण प्रश्न कोणाची नोंद आणि कशासाठी, हा आहे. सर्ट-इनने व्हीपीएन सेवांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवायला सांगितली तेव्हा एक्सप्रेसव्हीपीएनसह काही कंपन्यांनी २०२२ मध्ये भारतातले सर्व्हरच काढून नेले. कार्यालयांनीही भान ठेवावे. खजिन्याच्या दाराशी कोण आले हे लिहिणे वेगळे, आणि कर्मचारी चहाला किती वेळा उठला हे मोजणे वेगळे. पहिल्या कामाच्या नावाखाली दुसरे सुरू झाले की माणसे एकमेकांचे आयडी वापरू लागतात आणि नोंदीचा विश्वासच जातो.

वाचायचे कोणी

लहान संस्थेला रोज लाखो ओळी वाचता येणार नाहीत, पण निवडक ओळी वाचता येतील. कामाच्या वेळेबाहेरची लॉगिने, फसलेल्या पासवर्डांचे झुपके, नव्याने दिलेले किंवा वाढवलेले अधिकार, नवे लाभार्थी आणि बदललेल्या मर्यादा, ईमेल-मोबाइलमधले बदल, आणि लॉगच्याच सेटिंगला कुणी हात लावला का, एवढे एका पानात मावते. हे पान सकाळी कामकाज सुरू होण्याआधी अधिकाऱ्याने वाचून सही करावी आणि मूळ नोंदींची प्रत ज्यांच्या हातात सर्व्हर नाही अशांकडे जावी. नोंद ठेवणारा आणि प्रणाली चालवणारा एकच असेल, तर बांगलादेशातल्या प्रिंटरची गत होते.

रात्रीचा आणि सुटीचा पहारा एकेकट्या बँकेला परवडणारा नाही, तो एकत्र येऊनच उभा राहील. नागरी बँकांच्या शिखर संस्थेचे, एनयूसीएफडीसीचे, उद्घाटन २ मार्च २०२४ रोजी झाले. लहान बँकांना सामाईक तंत्रज्ञान पुरवणे हे तिच्या हेतूंपैकी एक आहे. मराठवाड्यातल्या बँकांनी तिच्याकडे सर्वांत आधी मागावे ते सामाईक सुरक्षा केंद्र. नवे ॲप नंतर आले तरी चालेल. तोपर्यंत प्रायोजक बँकेशी एक साधी अट ठरवता येते. सुटीच्या दिवशी ठरावीक रकमेवरचा आदेश फोनवर दुजोरा मिळाल्याशिवाय सुटणार नाही. ग्राहकाची थोडी गैरसोय होईल, पण ती सोसण्याजोगी आहे.

नियामकांनीही मापदंड बदलावा. तपासणी अधिकारी आज विचारतो, ‘लॉग आहेत का?’ उत्तर होकारार्थी असते आणि चौकटीत खूण होते. त्याऐवजी गेल्या तिमाहीत किती सूचना आल्या, प्रत्येकीवर किती मिनिटांत कारवाई झाली आणि शेवटची शनिवारची सूचना कोणी पाहिली, हे विचारले तर खूण करणे इतके सोपे राहणार नाही.

हा प्रश्न सभासदांनाही विचारता येतो. सहकारी बँकेची वार्षिक सर्वसाधारण सभा दर वर्षी सप्टेंबरअखेर होते. लाभांश किती, यावर तिथे तासभर वाद होतो. सायबर सुरक्षेवर अहवालात एखादा परिच्छेद असतो आणि तो न वाचताच मंजूर होतो. वर्षभरात सुटीच्या दिवशी आपल्या बँकेचे लॉग कोणी पाहिले, त्यात काय सापडले आणि त्यावर काय केले, याचा तक्ता अहवालात छापा, असा ठराव कोणताही सभासद मांडू शकतो. भागभांडवल त्याचे आहे आणि बँकेला खिंडार पडले तर त्याची झळ शेवटी त्यालाच लागणार आहे.